‘आता या वयात शर्यत कशाला?’ अहो, याच वयात!



आजचा लेख थोडा भांडणाचा आहे. भांडण एका वाक्याशी आहे. ते वाक्य घरात ऐकू येतं, ऑफिसात ऐकू येतं आणि वाईट म्हणजे आम्हा डॉक्टरांच्या खोलीतही ऐकू येतं : "आता या वयात शर्यत कशाला? रोज अर्धा तास फिरायला जा, पुष्कळ झालं."

हे वाक्य ज्यांना ऐकवलं जातं, त्यांत एकेकाळी रोइंग करणारे बरेच असतात. पुण्यात तर अशा लोकांची कमतरता नाही. मुळा-मुठेच्या काठावर बोट क्लब १८६८ पासून आहे, सीओईपीची रेगाटा १९२८ पासून होते आहे आणि दापोडीच्या सीएमईत लष्कराचं रोइंग केंद्र आहे. पिढ्यान् पिढ्या मुलामुलींनी इथे पहाटे उठून वल्ही मारली. तळहाताला फोड आले, ते फुटले, घट्टे पडले. मग परीक्षा झाली, नोकरी लागली आणि बाविसाव्या वर्षी वल्हं खाली ठेवलं ते कायमचंच.

पुढे हीच माणसं पंचेचाळिशीत आमच्याकडे येतात. रक्तदाब १५० च्या वर, उपाशीपोटी साखर सीमारेषेवर, पोट पट्ट्याच्या बाहेर. सगळं तपासून झाल्यावर दाराशी जाता जाता हळूच विचारतात, "डॉक्टर, परत रोइंग सुरू केलं तर चालेल का? जुने मित्र म्हणताहेत, एखादी शर्यतही करू." चेहऱ्यावर असा भाव की जणू सिगारेटची परवानगी मागताहेत!

माझं उत्तर सरळ आहे. आधी नीट तपासू, मग खुशाल करा. आणि नुसता व्यायाम म्हणून नको, शर्यत डोळ्यांसमोर ठेवून करा. असं का, ते सांगतो.

फिरणं चांगलंच, पण पुरेसं नाही

फिरण्याशी माझं वैर नाही. जो माणूस काहीच करत नाही, त्याने उद्यापासून चालायला लागावं. भारतात अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार आपल्याकडचे जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. या मंडळींसाठी चालणं ही मोठी सुधारणा आहे.

पण जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आम्ही अर्धीच सांगतो. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा व्यायाम, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच शिफारशीत पुढे म्हटलं आहे की आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. हे वाक्य मात्र गळून पडतं.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झडू लागतात, दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायू म्हणजे केवळ दंड फुगवून दाखवायची वस्तू नव्हे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच. ते कमी झाले की साखर ठेवायची कुठे, हा प्रश्न शरीरापुढे उभा राहतो. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असताना हा प्रश्न किरकोळ म्हणता येणार नाही.

आता रोइंगकडे बघा. लोकांना वाटतं, हा हातांचा खेळ. प्रत्यक्षात बोटीतली सीट सरकती असते आणि बहुतेक जोर पायांतून येतो. आधी पाय रेटायचे, मग धड मागे न्यायचं, शेवटी हात ओढायचे. परत जाताना उलटा क्रम : हात, धड, पाय. एका वल्ह्यात पोटऱ्या, मांड्या, नितंब, पाठ, खांदे, दंड सगळे कामाला लागतात. त्याच वेळी हृदय आणि फुप्फुसंही चांगलीच राबतात. दमसास आणि ताकद दोन्ही एकाच बैठकीत देणारे व्यायाम फार थोडे आहेत. शिवाय शरीराचं वजन सीटवर असल्याने गुडघ्यांना धावण्यासारखे धक्के बसत नाहीत.

एक उणीवही सांगतो, नाहीतर मी रोइंगचा एजंट ठरेन. हा बसून करायचा खेळ असल्यामुळे पायांच्या हाडांवर शरीराचं वजन पडत नाही. म्हणून रोइंग करणाऱ्यांनी, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांनी, चालणं आणि जिने चढणं सोडू नये.

मग शर्यतच का?

इथे खरा वाद आहे. "व्यायाम करा ना, कोण नाही म्हणतंय? पण ही चढाओढ कशाला?"

मला एक सांगा, तुमच्या सोसायटीत १ जानेवारीला जिमची वर्षाची फी भरलेल्यांपैकी होळीपर्यंत किती जण टिकले? व्यायामाच्या औषधात खोट नाही, ते कोणी पुरं घेत नाही ही अडचण आहे. रक्तदाबाच्या गोळीचंही तेच. बरं वाटलं की गोळी बंद. जे काम ‘कधीतरी तब्येतीसाठी’ करायचं असतं, ते आज टाळता येतं.

शर्यतीला तारीख असते. तारीख आली की तयारीला पहिला आठवडा, दुसरा आठवडा असा हिशेब येतो. त्यात रोइंगची आणखी एक गंमत आहे. आठ जणांची बोट सात जणांत निघत नाही. तुम्ही पहाटे साडेपाचला गजर बंद करून कुशीवर वळलात, तर बाकीचे सात आणि दिशा सांभाळणारा कॉक्स असे आठ लोक काठावर उभे राहून तुमच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या चिठ्ठीत ही ताकद नाही. बायकोच्या रागात थोडीफार असेल, पण तीही रोज पुरत नाही.

दुसरं कारण मनाचं आहे. पन्नाशीच्या आसपास माणसाच्या ओळखी कमी होऊ लागतात. मुलं बाहेर जातात, ऑफिसातले संबंध कामापुरते उरतात. अशा वेळी आठवड्यातून तीन दिवस तुमची वाट बघणारी, तुमच्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवणारी माणसं असणं ही तब्येतीची गोष्ट आहे. एकटेपणाचा हृदयावर आणि मनावर वाईट परिणाम होतो हे आता वैद्यकशास्त्रही मान्य करतं.

तिसरं कारण म्हणजे जोर. नुसत्या फिरण्यात आपण आपल्या सोयीच्या वेगाने फिरतो. शर्यतीच्या तयारीत आठवड्यातून एखाद-दोन वेळा धाप लागेल इतकं काम करावंच लागतं. हृदय-फुप्फुसांची कमाल क्षमता बैठ्या माणसात दर दहा वर्षांत साधारण १० टक्क्यांनी उतरते. नियमित जोरकस व्यायाम करणाऱ्यांत हा उतार बराच मंद असतो. साठीनंतर चार जिने चढताना दम लागणार की नाही, हे यावर ठरतं.

"पण त्या वयात हार्ट अटॅक आला तर?"

हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून गंभीरपणे उत्तर देतो. जोरकस श्रम चालू असताना हृदयावरचा धोका तेवढ्यापुरता वाढतो, हे खरं आहे. पण तो सर्वांत जास्त कोणाला? ज्याला सवय नाही त्याला. वर्षभर खुर्चीत बसून अचानक एका रविवारी जीव तोडणाऱ्याला. नियमित आणि पायरीपायरीने तयारी करणाऱ्याचा तो तात्पुरता धोकाही कमी होतो आणि उरलेल्या तेवीस तासांतला तर होतोच.

म्हणजे यावर उपाय ‘शर्यत नको’ हा नाही, ‘तयारीशिवाय शर्यत नको’ हा आहे. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दशकभर लवकर गाठतो. त्यामुळे चाळिशीनंतर जोरकस खेळ सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि घरच्या इतिहासाची चौकशी झालीच पाहिजे. वडिलांना किंवा भावाला कमी वयात झटका आला असेल, स्वतःला मधुमेह असेल, सिगारेटची सवय असेल, तर ट्रेडमिलवरची किंवा आणखी कुठली तपासणी लागेल ते डॉक्टर ठरवतील.

याउलट काहीही न तपासता "या वयात नकोच" म्हणणं सोपं आहे. त्यात डॉक्टरांचे दोन मिनिटं वाचतात आणि जबाबदारी टळते. पण त्या माणसाने घरी जाऊन सोफ्यावर पुढची वीस वर्षं काढली, तर त्या सोफ्याच्या दुष्परिणामांचा हिशेब कोणी मागत नाही!

दोन उदाहरणं, आणि एक न घेण्याचं

ब्रिटनच्या स्टीव्ह रेडग्रेव्ह यांनी १९८४ ते २००० अशा सलग पाच ऑलिम्पिकमध्ये रोइंगची सुवर्णपदकं मिळवली. त्यांना १९९७ मध्ये मधुमेह असल्याचं कळलं आणि इन्सुलिन सुरू झालं. पाचवं सुवर्ण त्यानंतरचं आहे, वयाच्या ३८ व्या वर्षी. तुम्हाला ऑलिम्पिकला जायचं नाही, हे मला ठाऊक आहे. मुद्दा एवढाच की ‘शुगर निघाली’ म्हणजे खेळ संपला असं नसतं.

दुसरे आयर्लंडचे रिचर्ड मॉर्गन. त्यांनी रोइंग मशीनवर सराव सुरू केला तोच मुळी ७३ व्या वर्षी. पुढे आपल्या वयोगटात ते चार वेळा इनडोअर रोइंगचे विश्वविजेते झाले. ९२ व्या वर्षी संशोधकांनी त्यांना तपासलं, तेव्हा त्यांचं हृदय, फुप्फुसं आणि स्नायू कितीतरी तरुण माणसासारखे काम करत होते. त्यांचा सराव कसा होता, ते वाचण्यासारखं आहे : रोज सरासरी ४० मिनिटं, त्यातला साधारण ७० टक्के भाग आरामात, २० टक्के कष्टाने आणि फक्त १० टक्के जीव ओतून. एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ‘आता उशीर झाला’ हे वाक्य खोडायला एक माणूस पुरतो.

आता न घेण्याचं उदाहरण. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी लष्करात भरती झाल्यावर रोइंग सुरू केलं, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ते एकेरी स्कल्समध्ये तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांच्या बोटीतून त्यांनी सुवर्ण जिंकलं. आदल्याच दिवशी एकेरीच्या अंतिम शर्यतीत आजारपणामुळे ते शेवटी राहिले होते. या जिद्दीला सलाम. पण तुम्ही तसं करू नका. अंगात ताप असताना जोरकस व्यायाम केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. ताप, अंगदुखी, छातीत कसंतरी होणं, यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी वल्हं भिंतीलाच टेकलेलं राहू द्या. तुमच्या पदकाची वाट देश बघत नाहीये, तुमची वाट घरचे बघताहेत.

रोइंगची दुखणी लपवायची नाहीत

"रोइंगने कंबर जाते" असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. या खेळात सर्वांत जास्त दुखते ती कंबरच. बहुतेक वेळा कारणं ठरलेली असतात : पाठ गोल करून ओढणं, पाय पुरते रेटण्याआधीच धड मागे टाकणं, दमल्यावरही तासभर मशीनवर बसून राहणं आणि एका आठवड्यात सराव दुप्पट करणं. जिममधल्या रोइंग मशीनच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा दांडा असतो, तो १० वर नेऊन ठेवणारे पहिलवान मी रोज बघतो. तो ३ ते ५ च्या दरम्यान असू द्या. जोर लावायचा तो पायांनी लावा.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा :

- श्वास रोखून ओढू नका. रक्तदाब एकदम उसळतो. जोर लावताना श्वास सोडा.
- बरगडीपाशी एकाच जागी टोचल्यासारखं दुखत राहिलं आणि खोल श्वासाने वाढलं, तर बाम चोळत बसू नका. वारंवारच्या ताणाने बरगडीला बारीक चीर गेलेली असू शकते.
- मनगटाच्या वर दुखत असेल, हात हलवताना करकर जाणवत असेल, तर वल्ह्यावरची मूठ सैल करा आणि विश्रांती घ्या.
- बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर नाडीचे ठोके वाढत नाहीत. घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. वल्हवताना एखादं वाक्य बोलता येतंय का, ही कसोटी वापरा.
- लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर उन्हात पाण्याची काळजी घ्या. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणं हा प्रकार या वयात अजिबात नको.
- इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सरावाआधी साखर तपासा, खिशात ग्लुकोज ठेवा आणि बोटीतल्या सोबत्यांना सांगून ठेवा. पाण्याच्या मध्यावर चक्कर येणं म्हणजे रस्त्यावर चक्कर येणं नव्हे.
- डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जोराचं काम नको.
- अनेक वर्षं खूप जास्त दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एक प्रकार थोडा जास्त आढळतो. छातीत फडफड झाली, ठोका चुकतोय असं वाटलं, तर ईसीजी काढा.
- छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, डोळ्यांपुढे अंधारी : वल्हवणं तिथल्या तिथे थांबवा. "एवढी शर्यत पुरी करतो" हे वाक्य शेवटचं ठरू शकतं.

आणि पाण्याबद्दल. आपल्या नद्यांची अवस्था तुम्हाला माहीत आहे. जलपर्णी आणि सांडपाणी यातूनच बोट काढावी लागते. हाताला फुटलेले फोड आणि घाण पाणी ही जोडी वाईट. जखम झाकून घ्या, बाहेर आल्यावर साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना नदीच्या पाण्याचा संपर्क आवर्जून सांगा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा विचार वेळेत होईल. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेटची लाज बाळगू नका.

दोष फक्त तुमचा नाही

आता थोडं क्लबवाल्यांशी आणि घरच्यांशी भांडतो.

जागतिक रोइंगमध्ये ‘मास्टर्स’ हा प्रौढांचा गट २७ व्या वर्षी सुरू होतो. पुढे ३६, ४३, ५०, ५५, ६०, ६५, ७० असे वयोगट चढत जातात. बोटीतल्या सगळ्यांच्या वयाची सरासरी काढून गट ठरतो, त्यामुळे चाळिशीचे आणि साठीचे एकाच बोटीत बसू शकतात. अंतरही नेहमीच्या २००० मीटरऐवजी १००० मीटर असतं. म्हणजे वाढत्या वयाचा नीट विचार करून केलेली ही व्यवस्था आहे. जगात जिथे प्रौढांचा खेळ सुरू होतो, त्याच्या पाच वर्षं आधीच आपण माणसाला ‘माजी खेळाडू’ करून टाकतो!

क्लबांनी काय करायचं? फार खर्चाचं काही नाही. आठवड्यातून दोन सकाळी प्रौढांसाठी राखून ठेवा. मुलांच्या रेगाटात पस्तिशीच्या वरच्यांची एखादी शर्यत घाला. पाण्यात उतरणं जमत नसेल त्यांच्यासाठी मशीनवरची शर्यत ठेवा. कॉक्स, पंच, वेळ नोंदवणारे, नवशिक्यांना शिकवणारे ही सगळी कामं जुन्या खेळाडूंना द्या. ज्याच्या हृदयाला जोर मना आहे, त्यालाही खेळाशी जोडून ठेवता येतं. मात्र नुसतं पंच होऊन वडापाव खात काठावर बसणं हा व्यायाम नाही, तेव्हा त्यांनी आपलं चालणं चालू ठेवावं.

आणि घरच्यांना. एखादा पुरुष पहाटे सरावाला निघाला तर "हौस दांडगी आहे" म्हणून कौतुक होतं. बाई निघाली की पहिला प्रश्न येतो, "मग डबे कोण करणार?" कॉलेजात पदकं जिंकलेल्या बायका चाळिशीत गुडघेदुखी, वजन आणि साखर घेऊन माझ्यासमोर बसतात, तेव्हा वेळ मिळत नाही हे त्या खालच्या मानेने सांगतात. वेळ त्यांच्यापाशी नसतो असं नाही, तो घराने आधीच वाटून घेतलेला असतो. आठवड्यातून तीन दिवस डबा दुसऱ्याने केला तर कोणी उपाशी मरत नाही. हे मी लिहून द्यायला तयार आहे, हवं तर लेटरहेडवर.

मग सुरुवात कशी करायची?

आधी तपासणी. मग पहिले सहा आठवडे मशीनवर किंवा शांत पाण्यात, आठवड्यातून तीन दिवस, २० ते ३० मिनिटं, गप्पा मारता येतील इतक्या जोराने. कोणाकडून तरी आपली पाठ बघून घ्या, मोबाइलवर व्हिडिओ काढला तरी चालेल. त्यानंतर आठवड्यातून एकदा थोडे जोराचे टप्पे. दर आठवड्याला सराव थोडाच वाढवा. शर्यतीची तारीख किमान चार-सहा महिने पुढची धरा. आणि कॉलेजातला २००० मीटरचा तुमचा विक्रम कपाटात ठेवून कुलूप लावा. त्या आकड्याच्या मागे लागलेले लोकच सर्वांत आधी फिजिओथेरपिस्टकडे पोचतात. आता स्पर्धा मागच्या महिन्यातल्या स्वतःशी आणि आपल्या वयाच्या लोकांशी.

ज्यांनी कधी वल्हं हातात धरलं नाही, त्यांनाही हेच लागू आहे. जिमच्या कोपऱ्यातलं ते मशीन, ज्यावर लोक टॉवेल वाळत घालतात, त्यावरचा टॉवेल बाजूला करा.

पुढच्या वेळी तुमच्या डॉक्टरांनी विचार न करता "या वयात शर्यत कशाला?" म्हटलं, तर नम्रपणे विचारा : "डॉक्टर, माझ्या कोणत्या तपासणीवरून आपण नको म्हणताय?" त्यांच्याकडे कारण असेल तर ते ऐका आणि पाळा. कारण नसेल, तर हा लेख त्यांना वाचायला द्या. भांडायला मी आहेच.